निवृत्तीनंतर मोटारींच्या प्रतिकृती बनवताना

मोटारीच्या प्रतिकृतीचे किट पहिल्यांदा उघडून पाहिले, की हे भाग कापून चिकटवण्याचे काम आहे असा समज होतो. प्रत्यक्षात चिकटवण्यात फार थोडा वेळ जातो. बाकीचा सगळा वेळ घासण्यात, धुण्यात, भाग न चिकटवता बसवून पाहण्यात आणि सर्वांत जास्त म्हणजे रंग वाळू देण्यात जातो. नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाती एखादाच रविवार असतो आणि त्या रविवारी त्याला सगळे उरकायचे असते; त्यामुळे ओल्या रंगावर पुढचा हात मारला जातो, अर्धवट सुकलेली बॉडी उचलली जाते आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. निवृत्त माणसाला आज अर्धा तास काम करून उठता येते आणि पुढचा हात परवा सकाळी मारता येतो. या छंदात निवृत्तीचा खरा फायदा हाच आहे, आणि पुढे सांगितलेली पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

कोणते किट घ्यावे

प्लास्टिकच्या मोटारींची बहुतेक किटे १:२४ किंवा १:२५ या प्रमाणात मिळतात. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. १:२५ हे प्रमाण मुख्यतः अमेरिकी कंपन्यांचे आहे. तिथे गाड्यांचे विक्रेते नव्या मॉडेलची जाहिरात म्हणून ज्या छोट्या गाड्या देत, त्यांच्या साच्यांवरून पुढे ही किटे आली. १:४३ हे प्रमाण ‘ओ गेज’ खेळण्यातल्या रेल्वेच्या मापावरून रूढ झाले. ते दिसायला सुबक असले, तरी साठी उलटलेल्या डोळ्यांना आणि बोटांना ते जड जाते. १:१२ मध्ये भाग मोठे असतात खरे, पण त्यांची संख्याही शेकड्यांत जाते. म्हणून सुरुवात १:२४ नेच करावी असे माझे ठाम मत आहे.

या मापाचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २,४०० मिलिमीटर होते. १:२४ मध्ये ते नेमके १०० मिलिमीटर होते आणि अख्खी गाडी सुमारे १७ सेंटिमीटर लांब भरते. तळहात आणि बोटे मिळून होतात साधारण तेवढी. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यातली फट पाच मिलिमीटरची असेल, तर इथे ती ०.२ मिलिमीटर उरते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण रंगाच्या जाडीचा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

पहिली गाडी निवडताना ती बंद टपाची असावी, तिची दारे उघडणारी नसावीत, आणि भाग शंभराच्या आत असावेत. बॉनेट न उघडणारी, म्हणजे इंजिन नसलेली किटे मिळतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. उघड्या टपाच्या गाडीत आतला प्रत्येक दोष समोर दिसतो. कित्येक दशके जुन्या साच्यांवरून पुन्हा काढलेली किटे ओळखीच्या गाड्यांची असल्यामुळे मोह पाडतात, पण त्यांच्या भागांना कडेने प्लास्टिकचे पापुद्रे सुटलेले असतात आणि भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. ती तिसऱ्या-चौथ्या गाडीसाठी ठेवावीत.

याहून महत्त्वाचे असे, की गाडी आपल्या परिचयाची असावी. जिचे दार आपण हजार वेळा लावले, जिच्या मागच्या सीटवर मुले झोपी गेली, जिचे टायर बदलताना हात काळे झाले, अशी गाडी बनवताना छायाचित्र न पाहताही आपल्याला कळते की डॅशबोर्डचा वरचा भाग काळा नव्हता, उन्हाने विटलेला राखाडी होता. अशी आठवण सूचनापत्रकात मिळत नाही.

टेबल, उजेड, डोळे आणि हात

टेबल स्थिर असावे आणि त्याची उंची अशी असावी, की पाठ न वाकवता दोन्ही कोपरे त्यावर टेकतील. टेबलावर फिकट रंगाचा एकरंगी कागद किंवा कापण्याची चटई घालावी. नक्षीदार कापडावर पडलेला भाग सापडत नाही. दिवा पांढऱ्या उजेडाचा घ्यावा आणि शक्य तर दोन बाजूंनी दोन दिवे लावावेत, म्हणजे आपल्याच हाताची सावली कामावर पडत नाही. पिवळ्या उजेडात निवडलेला रंग दिवसा वेगळा दिसतो.

चाळिशी लागून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या डोळ्यांना वाचनाचा चष्मा या कामात पुरत नाही. डोक्याला बांधायचे भिंग घ्यावे, पण फार जास्त शक्तीचे घेऊ नये. भिंगाची शक्ती वाढते तशी वस्तू डोळ्यांच्या अधिक जवळ धरावी लागते: पावणेदोन पटीच्या भिंगातून सुमारे ३५ सेंटिमीटरवर काम करता येते, तर अडीच पटीच्या भिंगातून ते अंतर सुमारे २० सेंटिमीटरवर येते, आणि मग मान अवघडते. रोजच्या कामाला पावणेदोन ते दोन पट पुरेसे आहे.

हात किंचित थरथरत असेल, तर त्यामुळे छंद सोडण्याची गरज नाही. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून मनगटांच्या आतल्या बाजू एकमेकांना चिकटवाव्यात, म्हणजे उजव्या हातातली कुंचली आणि डाव्या हातातला भाग एकत्रच हलतात आणि त्यांच्यातले अंतर बदलत नाही. श्वास सोडताना कुंचली टेकवावी. भाग बोटांत धरण्याऐवजी जुन्या पेनला किंवा बाटलीच्या झाकणाला दुहेरी टेपने चिकटवून धरावा.

दर पाऊण तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात. ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे त्यांनी सुरी हाताळताना विशेष जपावे, कारण लहानशी चीरही बराच वेळ वाहत राहते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते घसरते. म्हणून पाते वरचेवर बदलणे हेच अधिक सुरक्षित. गोल दांड्याची सुरी टेबलावरून घरंगळून पायावर पडते, तिला टेपचा एक झेंडा चिकटवला की ती घरंगळत नाही.

हत्यारे फार लागत नाहीत. भाग कापायला बारीक निपर, बदलत्या पात्यांची सुरी, टोकदार चिमटा, बारीक कानस, ४०० पासून ३००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, टूथपिक, इअरबड आणि दोन-तीन चांगल्या कुंचल्या एवढे पुरते. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे हत्यार, पहिल्या दोन गाड्यांना नको. स्प्रे कॅनने उत्तम काम होते.

बॉडीपासून सुरुवात

सूचनापत्रकात पहिली पायरी बहुधा इंजिनाची किंवा चासीची, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याची असते. ती बाजूला ठेवून सुरुवात बॉडीपासून करावी. बॉडीचा रंग वाळायला सर्वांत जास्त दिवस लागतात. ते दिवस जात असताना बाकीचे भाग करता येतात आणि थांबल्यासारखे वाटत नाही.

सगळे भाग चौकटीला, म्हणजे स्प्रूला जोडलेले असतानाच कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांवर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. बेसिनच्या जाळीवर एक गाळणी ठेवावी, सुटलेला आरसा त्यात सापडतो.

बॉडी उजेडात तिरकी धरून बोटाचे टोक पुढच्या चाकावरून मागच्या चाकापर्यंत हलकेच फिरवावे. साच्याचे तुकडे जिथे मिळतात तिथे केसासारखी एक रेघ हाताला लागते. ती मडगार्डांच्या माथ्यावरून, टपाच्या खांबांवरून आणि डिकीच्या कडेने जाते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण चकचकीत रंग लागला की ती आरशातल्या चिरेसारखी उठून दिसते. सुरीच्या पात्याच्या पाठीने ती खरवडावी, मग ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवावा. कुठे खळगा असेल तर पुटीचा पातळ हात द्यावा. जाड पुटी आक्रसते, म्हणून दोन दिवसांत दोन पातळ हात चांगले.

त्यानंतर दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटींच्या रेघा खोल कराव्यात. हे काम पुष्कळजण टाळतात. मघाशी सांगितलेली ०.२ मिलिमीटरची फट प्रायमर (रंगाखालचे अस्तर), रंग आणि वरचा पारदर्शक थर यांनी भरून जाते आणि मग दार बॉडीवर काढलेल्या चित्रासारखे दिसते. सुरीच्या पात्याची पाठ किंवा रेघ कोरण्याचे हत्यार रेघेत ठेवून, मुळीच जोर न देता, तीन-चार वेळा ओढावे. जोर दिला की हत्यार रेघ सोडून बाहेर येते.

रंगापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे चासी, आतला भाग, चाके आणि बॉडी टेपने तात्पुरती जोडून पाहणे. चासी वाकडी असेल तर चौथे चाक जमिनीला टेकत नाही. ती गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हलक्या हाताने सरळ करावी आणि तशीच धरून गार पाण्यात घालावी. रंग झाल्यावर हा दोष लक्षात आला, तर मार्ग उरत नाही.

रंग

खऱ्या गाडीच्या पत्र्यावरचा संपूर्ण रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढाच थर १:२४ च्या गाडीवर बसला, तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा रंग असल्यासारखा दिसतो. खेळण्यातली गाडी आणि प्रतिकृती यांत पाहणाऱ्याला जो फरक जाणवतो, तो पुष्कळदा एवढाच असतो. म्हणून प्रत्येक हात पातळ असावा.

प्रायमर आधी करडा मारावा, कारण करड्यावर ओरखडे लगेच दिसतात. दोष काढून झाल्यावर वरच्या रंगाला जुळणारा प्रायमर द्यावा: पिवळ्याखाली पांढरा, लालाखाली गुलाबी. किटचे प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल, तर लाल रंग आतून झिरपून आठवड्याभरात पांढरा गुलाबी होतो. अशा वेळी प्रायमरच्या आधी चंदेरी रंगाचा एक हात अडसर म्हणून द्यावा. लॅकर, एनॅमल आणि पाण्यावरचा ॲक्रिलिक या रंगांच्या तीन जाती एकमेकांवर मारताना जपावे. लॅकरमधला पातळ करणारा द्रव जहाल असल्यामुळे तो खालचे एनॅमल किंवा ॲक्रिलिक विरघळवतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर एकाच कंपनीच्या एकाच जातीचे घ्यावेत, हे सर्वांत सोपे.

स्प्रे कॅनमधली वाफ ज्वालाग्राही आणि फुप्फुसाला अपायकारक असते. खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून दूर आणि रासायनिक वाफ अडवणारा मुखवटा घालूनच फवारावे; धुळीसाठीचा कापडी मास्क वाफ अडवत नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि पाण्यावरचे रंग वापरावेत.

कॅन हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाच मिनिटे उभा ठेवावा आणि दोन मिनिटे हलवावा. कोमट रंग पातळ होतो आणि त्याचे थेंब बारीक पडतात. कॅन आगीवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नये. बॉडी एका रिकाम्या बाटलीवर घट्ट बसवावी. फवारा गाडीच्या पुढे, हवेत सुरू करावा, सुमारे २० सेंटिमीटर अंतर ठेवून एकाच गतीने गाडीवरून न्यावा आणि गाडी संपल्यावर हवेतच थांबवावा. फवारा गाडीवरच सुरू केला, तर पहिला मोठा थेंब बॉनेटवर पडतो. पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे द्यावेत. खालचा प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी तिसरा हात जरा ओला द्यावा, म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा दिसू लागतो. तिथेच थांबावे, चौथ्या हाताने ओघळ येतात.

फार लांबून फवारले, तर थेंब वाटेतच सुकतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. हवा दमट असेल तर रंगावर पांढुरका पडदा येतो. द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी त्यावर जमते. पावसाळी दिवशी रंगकाम करूच नये, त्या दिवशी सीट रंगवाव्यात.

रंगवलेल्या बॉडीवर लगेच खोके पालथे घालावे आणि ती आठवडाभर नजरेआड ठेवावी. माझ्या पहिल्या गाडीचा टप दुसऱ्या दिवशी हाताला अगदी कोरडा लागला, म्हणून मी ती उचलली. वरचा पापुद्रा सुकलेला होता, पण खाली रंग मऊ होता, आणि माझ्या अंगठ्याच्या रेषा टपावर इतक्या स्वच्छ उमटल्या, की त्या मोजता आल्या असत्या. तेव्हापासून मी बोट न लावता नाक लावतो: बॉडी नाकाजवळ धरून रंगाचा वास येत असेल, तर आतला द्रव अजून बाहेर पडत आहे, आणि खोके पुन्हा झाकायचे. हवेवर सुकणाऱ्या स्प्रे लॅकरला साधारण एक आठवडा लागतो, चकचकीत एनॅमलला काही वेळा त्याच्या दुप्पट-तिप्पट.

वास पूर्ण गेल्यावर पारदर्शक थर द्यावा, पुन्हा आठवडा थांबावे, आणि मग २००० व ३००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून सालीसारखा खडबडीतपणा काढावा. दारांच्या आणि मडगार्डांच्या उंच कडांवरचा रंग आधी झिजतो, म्हणून घासताना त्यांवर टेपची पट्टी लावावी. शेवटी जुन्या मऊ सुती कापडावर पॉलिशिंग कंपाउंड घेऊन छोट्या वर्तुळांत फिरवावे. टपात दिव्याच्या नळीची कड सरळ दिसली, की काम झाले.

दरम्यानच्या दिवसांत

बॉडी खोक्याखाली असताना चासी, इंजिन आणि आतला भाग जोडून घ्यावा. पातळ सिमेंट, म्हणजे किटांसाठीचा पातळ गोंद, प्लास्टिक विरघळवून एकजीव करते. दोन भाग आधी एकत्र धरावेत आणि सांध्यावर कुंचलीचे टोक नुसते टेकवावे. सिमेंट आपोआप सांध्यात ओढले जाते. मात्र सांध्यावर बोट असेल तर ते बोटाखालीही ओढले जाते आणि ठसा कायमचा उमटतो.

सगळा काळा रंग एकसारखा मारू नये. सीटचे रेक्झिन किंचित चमकते, डॅशबोर्ड निस्तेज असतो, गालिचा पूर्ण मॅट असतो. तिन्हींना एकच डबी वापरली, तर आतला भाग एका ठोकळ्यातून कोरल्यासारखा वाटतो. टायरच्या मधली साच्याची रेघ आणि रबराची चमक ४०० नंबरच्या पेपरने काढावी, एवढ्याने चाक रस्त्यावर धावलेले दिसते. क्रोमच्या भागांवर जिथे सिमेंट लागणार तिथले क्रोम खरवडावे, नाहीतर भाग धरत नाही. गाडीच्या तोंडावरच्या जाळीत पातळ काळे एनॅमल सोडून वरचे पुसून घेतले, की तिला खोली येते.

इंजिन असेल, तर प्लगच्या वायरी स्वतः घालून पाहाव्यात. खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाडीची असते, इथे ०.३ मिलिमीटरची तार लागते. वितरकाच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीपासून वायरी प्रज्वलनाच्या क्रमाने न्याव्यात. चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनात तो बहुधा १-३-४-२ असतो, बीटलच्या आडव्या इंजिनात १-४-३-२. हा क्रम कोणी तपासणार नाही, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी गाडी बंद पडल्यावर बॉनेटखाली डोके घातले आहे, त्याला तो चुकीचा ठेववत नाही.

शेवटची जोडणी

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र, कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवून बाहेर ठेवावे, कागदावरून ते आपण होऊन सरकू लागले की जागेवर न्यावे आणि ओल्या इअरबडने मधून कडेकडे पाणी काढावे. मऊ करणारा द्रव लावल्यावर ते सुरकुतते. तेव्हा घाबरून हात लावू नये, सुकताना ते ताणून बसते. खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांना चिकट धातूचा वर्ख लावून नव्या पात्याने कडा कापाव्यात. कुंचलीने मारलेला चंदेरी रंग त्याची बरोबरी करत नाही.

काचांना झटपट चिकटणारा सुपरग्लू कधीही लावू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके धरते आणि ते निघत नाही. पांढरा लाकडाचा गोंद टूथपिकने कडेला लावावा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या इअरबडने पुसला जातो. बॉडी चासीवर बसवताना बाजू हलक्या हाताने फाकवाव्यात आणि मागची बाजू आधी जाते की पुढची, हे टेपच्या जोडणीच्या वेळीच लिहून ठेवलेले असावे. आरसे, वायपर आणि नंबरप्लेट सर्वांत शेवटी लावाव्यात, कारण हाताळताना आधी तेच तुटतात.

गाडी पारदर्शक पेटीत, उन्हापासून दूर ठेवावी. उन्हाने डेकल आणि काचा पिवळ्या पडतात. काही किटांतल्या मऊ टायरांमधून निघणारा पदार्थ वर्षानुवर्षे टेकून राहिलेल्या प्लास्टिकला विरघळवतो आणि चाके तळाला चिकटून बसतात, म्हणून प्रत्येक टायरखाली धातूच्या वर्खाचा छोटा तुकडा ठेवावा. पेटीच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी: गाडीचे नाव व वर्ष, रंगाच्या डबीचा क्रमांक, प्रायमर कोणता, वर कोणता थर, आणि कोणत्या तारखेला काय मारले. तीन वर्षांनी दाराच्या कडेचा रंग उडाला, तर तोच रंग शोधायला ही चिठ्ठी लागते.